फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं : घरी एकट्या राहणाऱ्या एका ज्येष्ठ स्त्रीचं प्रकरण

हे प्रकरण ७७ वर्षांच्या एका बाईंचं आहे. पती गेल्यानंतर त्या स्वतःच्याच घरी एकट्या राहत होत्या. इथे त्यांना 'काकू' म्हटलं आहे, कारण भेटीला येणारी मंडळी त्यांना तशीच हाक मारत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि झालेल्या चुका मात्र झाकलेल्या नाहीत. त्यांना भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवी गटाने पहिले दहा आठवडे मनापासून केलेलं जवळजवळ सगळं काम वाया गेलं आणि ते का वाया गेलं याची कारणं पुढे एकेक करून हाती लागली. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं वाटतं.

पार्श्वभूमी

काकूंनी तीस वर्षं एका कचेरीत हिशेबाचं काम केलं. अक्षर वळणदार, आकडेमोड तोंडी. मुलगा आणि मुलगी दोघंही दुसऱ्या गावी. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रक्तदाब जुना, पायांवर सूज येते म्हणून रोज सकाळी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी (फ्युरोसेमाइड), उजवा गुडघा दुखरा. ऐकू कमी येण्याची तक्रार आठ-नऊ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी दोन्ही कानांची श्रवणयंत्रं घेतली होती. ती कपाटात डबीत होती.

५१ वर्षांचा संसार. बाहेरचं सगळं पती बघत : बँक, दुरुस्त्या, फोन, दार. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. फोन तेच उचलत आणि निरोप काकूंसमोर येऊन, तोंडाकडे तोंड करून सांगत. चारचौघांत काकूंच्या शेजारी बसत आणि कोणी काही बोललं की तेच वाक्य हळूच पुन्हा म्हणत. थोडक्यात, ते काकूंचे कान होते. त्यामुळे काकूंना किती कमी ऐकू येतं हे मुलांना कळलं नव्हतं, आणि खरं तर स्वतः काकूंनाही नाही.

ते गेल्यावर पहिले दोन महिने घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर येणं-जाणं थांबलं आणि सगळी भिस्त फोनवर आली. मोबाइलची घंटा बारीक, उंच आवाजाची. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीतले आवाजच जातात, त्यामुळे आतल्या खोलीत ती घंटा पोहोचतच नसे. क्वचित फोन उचललाच तर पलीकडचं बोलणं कळत नसे. मग 'हो हो, बरी आहे' म्हणून काकू फोन ठेवून देत. बहीण, भाचे, जुन्या मैत्रिणी, सगळ्यांनी एकच अर्थ लावला : हिला आता कोणाशी बोलायचं नाही. काकूंनीही एकच अर्थ लावला : ते गेले, आता आपली कोणाला आठवण नाही. दोन्हीकडचा समज चुकीचा होता आणि दोन्हीकडे मन दुखावलं होतं. असे चौदा महिने गेले. शेवटी मुलीने ज्येष्ठांना घरी जाऊन भेटणाऱ्या एका स्वयंसेवी गटाशी संपर्क साधला.

अडचण कशी नोंदली गेली

गटाच्या अर्जावर 'एकटेपणा' असा एक चौकोन होता. मुलीने त्यावर खूण केली. खाली 'आवडीनिवडी' या रकान्यात लिहिलं : वाचन. गटाने या दोन शब्दांवर काम सुरू केलं.

इथे दोन गोष्टींची गल्लत झाली आणि ती नेहमी होते. माणसाच्या आयुष्यात किती माणसं आहेत, किती वेळा भेट होते, हे मोजता येतं. त्याला सामाजिक तुटलेपण म्हणू. एकाकी वाटणं मात्र आतलं आहे. हवी तशी सोबत आणि मिळते ती सोबत यांतलं अंतर म्हणजे एकाकीपण. भरल्या घरात माणूस एकाकी असू शकतो, आणि एकटा राहणारा अगदी मजेत असू शकतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचेही दोन प्रकार सांगितले : एका जिवलगाची उणीव आणि आपल्या म्हणाव्या अशा वर्तुळाची उणीव. वर्तुळ वाढवून जिवलगाची जागा भरत नाही. काकूंना दोन्ही उणिवा होत्या आणि त्यांच्यामागे तिसरीच गोष्ट होती, ती म्हणजे कान.

पहिले दहा आठवडे

दर बुधवारी साडेदहा ते साडेअकरा या वेळात एक २४ वर्षांचा विद्यार्थी भेटीला जाऊ लागला. मुलगा प्रामाणिक, एकही भेट न चुकवणारा. त्याच्या नोंदी वाचल्या की सगळं छान चाललंय असं वाटतं. 'काकू आनंदी दिसल्या. गप्पा छान झाल्या.' 'पुस्तकांविषयी बोललो. काकूंनी मान डोलावली.' पाच आठवडे याच चालीची वाक्यं आहेत. काकूंचं स्वतःचं एकही वाक्य त्यांत नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

तो खिडकीला पाठ करून बसायचा. मागून उजेड, चेहरा अंधारात. ओठ दिसायचे नाहीत. टीव्ही बारीक आवाजात चालू असायचा. काकू हसून मान हलवत राहायच्या. ऐकू न येणाऱ्या माणसाने पाहुण्याचा मान राखण्याची ही जुनी रीत आहे. तासाभरात त्या दोन-तीनदा उठून आत जात. मुलाला वाटे, त्यांना कंटाळा आलाय. मग तो लवकर निघे.

सातव्या आठवड्यात त्याची परीक्षा आली. त्याच्या जागी दुसरा स्वयंसेवक गेला. काकूंना आधी कळवलं नव्हतं. त्याने तीनदा घंटी वाजवली आणि परत आला. नोंद : 'काकूंनी दार उघडलं नाही. भेट नको असावी.' याच काळात गटाच्या सकाळी अकराच्या मेळाव्याचं निमंत्रण काकूंनी तीनदा नाकारलं. कारण दर वेळी एकच, गुडघे दुखतात.

काकूंच्या मुलाने दुसऱ्या गावाहून टॅबलेट पाठवला. तोही बारगळला, आणि कारणं अगदी साधी होती. वयात बोटांची टोकं कोरडी पडतात, टिचकी हलकी न बसता दाबून बसते. पडद्याला ते 'दाबून धरणं' वाटतं आणि भलतीच यादी उघडते. दोनदा तसं झाल्यावर 'आपण काहीतरी बिघडवलं' म्हणून काकूंनी तो बंद करून ठेवला. सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा अवधी वाढवला असता तर निम्मा त्रास गेला असता. तो कोणी वाढवला नाही.

पहिला निर्णायक क्षण : प्रकरण बंद करायचं का?

दहाव्या आठवड्याच्या बैठकीत 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून प्रकरण बंद करण्याचा प्रस्ताव आला. रांगेत दुसरी माणसं होती, तेव्हा प्रस्ताव अवाजवी म्हणता येणार नाही. समन्वयक बाईंनी मात्र एक आक्षेप घेतला : नकार दिला असं आपण म्हणतोय, पण काकूंनी नकाराचं एकही वाक्य उच्चारल्याची नोंद नाही. बंद करण्याआधी एकच दीड तासाची भेट द्यायची, फिजिओथेरपिस्ट बाईंना बरोबर न्यायचं आणि गप्पा न मारता फक्त पाहायचं, असं ठरलं. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच.

दीड तासाची भेट

भेटीची वेळ आदल्या संध्याकाळी मोबाइलवर लेखी निरोपाने कळवली. शेजारच्या घरी सांगून ठेवलं, त्यामुळे दार उघडलं गेलं. टीव्ही बंद केला. दोघी उजेडाकडे तोंड करून, काकूंपासून हातभर अंतरावर बसल्या. प्रश्न मोठ्या ठळक अक्षरांत छापून नेले होते. कागद समोर ठेवायचा, काकूंनी वाचायचा आणि उत्तरावर बोट ठेवायचं.

तीन प्रश्नांची एकाकीपणाची मोजपट्टी जगभर वापरली जाते. सोबतीची उणीव किती वेळा भासते, आपण वगळले गेलो असं किती वेळा वाटतं, इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? प्रत्येकाला 'क्वचित' १, 'कधीकधी' २, 'बऱ्याचदा' ३ असे गुण. एकूण ३ ते ९. सहा आणि त्यावर गुण आले की लक्ष द्यावं, असा सर्रास प्रघात आहे. काकूंचे आले ८. दुसरी मोजपट्टी लुबेन यांची, सहा प्रश्नांची. महिन्यातून एकदा तरी भेटणारे किंवा बोलणारे, मनातलं सांगता येईल असे आणि मदत मागता येईल असे नातलग किती, मित्र-शेजारी किती, एवढंच त्यात मोजतात. तीसपैकी बाराच्या खाली गुण म्हणजे धोका. काकूंचे ७. त्यांतले ५ नातलगांचे आणि २ मित्र-शेजाऱ्यांचे.

हेच तीन प्रश्न पहिल्या भेटीत तोंडी विचारले गेले होते. तेव्हा काकूंनी तिन्हींना हसून 'नाही' म्हटलं होतं.

पुढची पाहणी अशी. फिजिओथेरपिस्ट बाई बाहेर गेल्या आणि त्यांनी घंटी वाजवली. आत समन्वयकांसमोर बसलेल्या काकूंना काहीच कळलं नाही. श्रवणयंत्रांची डबी मागितली. बॅटऱ्या संपलेल्या, एका यंत्राची बारीक जाळी मळाने बुजलेली. का लावत नाही, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, "लावलं की भांड्याचा आवाज डोक्यात जातो. माणसाचा येतच नाही." हे गाऱ्हाणं खरं आहे. अनेक वर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूला आवाज पुन्हा ओळखायला आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी दिवसभर यंत्र लावलं की असंच होतं आणि ते कपाटात जातं.

चालण्याची चाचणी घेतली : खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १७ सेकंद लागले. बारा किंवा अधिक सेकंद म्हणजे पडण्याचा धोका.

मग लघवीचा प्रश्न. 'काही त्रास आहे का?' असं मोघम विचारलं की उत्तर 'नाही' येतं. इथे फिजिओथेरपिस्ट बाईंनी थेट विचारलं, "सकाळची गोळी घेतल्यावर किती वेळा उठावं लागतं? कधी पोहोचेपर्यंत थांबवत नाही असं होतं का?" काकू थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सगळं बोलल्या. गोळी नऊ वाजता. साडेदहाला तो मुलगा समोर बसलेला, उठावं लागतं, त्याला सांगता येत नाही. मेळावा अकराला, तिथलं स्वच्छतागृह कुठे आहे ठाऊक नाही, जिन्यातच काही झालं तर? म्हणून गुडघे दुखतात असं सांगितलं. या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होतो, पहिल्या एक-दोन तासांत सर्वाधिक असतो आणि साधारण सहा तास टिकतो. म्हणजे गटाने भेट आणि मेळावा दोन्ही नेमके त्या तासांत ठेवले होते. काकूंनी उपाय म्हणून पाणीच कमी केलं होतं. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला जास्त टोचते आणि घाई उलट वाढते.

निघताना काकू सहज म्हणाल्या, "झोपेत सगळं आटोपलं तर बरं." समन्वयक पुन्हा बसल्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं : 'जीव द्यावा असं मनात येतं का? तसं काही करायचं ठरवलं आहे का?' उत्तर आलं, नाही, स्वतःहून काही करायचं मनात नाही, पण सकाळी जाग आली की वाईट वाटतं. असं थेट विचारल्याने कल्पना डोक्यात येते ही भीती खरी नाही. उलट विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. नैराश्याची १५ प्रश्नांची ज्येष्ठांची चाचणी तिथेच घेतली. गुण ७ आले. पाच आणि त्यावर गुण आले तर डॉक्टरांची तपासणी हवी. ही बाब मुलीला कळवायची परवानगी काकूंकडून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

कोणते पर्याय तोलले

मुलाचा आग्रह होता की आईने त्याच्याकडे राहायला यावं. त्याच्या घरी दिवसभर कोणी नसतं, गाव अनोळखी, आणि काकूंची ठाम इच्छा घर न सोडण्याची. ऐकू न येणाऱ्या माणसाला नव्या गावात नेऊन वर्तुळ वाढत नाही, उरलंसुरलं तेवढं तुटतं. हा पर्याय बाजूला ठेवला, रद्द केला नाही. पगारी सोबतीण ठेवण्याचा विचार मुलीचा. त्याने सुरक्षितता आली असती, पण काकूंच्या हातातली उरलेली कामंही गेली असती. साप्ताहिक भेट तशीच चालू ठेवणं सर्वांत सोपं होतं आणि त्याचा अनुभव समोरच होता. टॅबलेटवरची व्हिडिओ भेट ओठ दिसतात म्हणून कामाची, पण कान आणि सराव दोन्ही जमेपर्यंत नाही.

निवडलेली वाट ही, की आधी अडथळे काढायचे, मग जुनी माणसं परत जोडायची, आणि नवी माणसं सगळ्यांत शेवटी. यात वेळ जास्त जातो आणि पहिला महिना-दीड महिना दाखवण्यासारखं काही घडत नाही. देणगीदारांना अहवाल द्यावा लागणाऱ्या गटांना हे पेलणं कठीण जातं, ही अडचण खरी आहे.

केलेलं काम

कानापासून सुरुवात झाली. डॉक्टरांनी मळ मऊ करणारे थेंब पाच दिवस घालायला सांगितले आणि मग दोन्ही कान साफ केले. यंत्रं तपासून नव्याने जुळवून घेतली. जाळी बदलली. बॅटरी तपकिरी पट्टीची, ३१२ क्रमांकाची. पट्टी काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवेत ठेवून मग बसवायची आणि रात्री यंत्र काढल्यावर बॅटरीचं दार उघडं ठेवायचं. ही बॅटरी रोजच्या वापरात साधारण आठवडाभर पुरते, म्हणून दिनदर्शिकेवर दर रविवारी 'बॅ.' अशी खूण केली. पहिल्या आठवड्यात रोज एक तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन तास. स्वयंपाकघर आणि रस्ता चौथ्या आठवड्यानंतर. 'भांड्याचा आवाज' तोवर सुसह्य झाला होता. दाराला दिवा लुकलुकणारी घंटी बसवली. मोबाइलची घंटा खर्जातली निवडली आणि फोन आला की दिवाही लुकलुकेल अशी सोय चालू केली.

गोळीचा निर्णय डॉक्टरांनी घेतला, गटाने नाही. बाहेर जायच्या दिवशी गोळी परतल्यावर, दुपारी एकच्या सुमारास घ्यायची, पण चारनंतर कधीच नाही, कारण मग रात्री उठावं लागतं आणि अंधारात पडण्याची भीती असते. पाणी किती प्यायचं तेही त्यांनी लिहून दिलं. सूज असताना हा आकडा परस्पर ठरवू नये. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या झाल्या. नैराश्यासाठी लगेच औषध न देता दर दोन आठवड्यांनी पाहायचं असं ठरलं.

पायांसाठी खुर्चीतून हात न टेकता उठण्याचे दहा फेरे, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणं. जिना उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी. पहिल्या मजल्याच्या वळणावर शेजाऱ्यांना विचारून एक घडीची खुर्ची ठेवली. खरं सांगायचं तर व्यायामापेक्षा या खुर्चीने जास्त काम केलं. मध्ये बसता येतं एवढं कळल्यावर जिन्याची भीतीच अर्धी झाली.

दुसरा निर्णायक क्षण : समज तपासून पाहणं

चौदाव्या आठवड्यापर्यंत काकूंना समोरच्या माणसाचं बोलणं बऱ्यापैकी कळू लागलं. तरीही त्या स्वतःहून कोणाला फोन करत नव्हत्या. 'त्यांना नकोय तर मी कशाला?' इथे नवा स्वयंसेवक धाडायचा मोह होता. तो आवरला. एकाकीपणावरच्या उपायांचा क्रिस्टोफर मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकत्रित अभ्यास केला होता. नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा 'लोकांना मी नकोसा आहे' या चालीच्या विचारांवर काम केलेले उपाय त्यात अधिक परिणामकारक ठरले. समजावून काकूंचा समज बदलणार नव्हता. मग तो हिशेबासारखा तपासायचं ठरलं.

समन्वयकांनी वहीच्या पानावर तीन रकाने आखले. नाव, 'फोन करेल असं वाटतं का', 'केला का'. काकूंनी नऊ नावं लिहिली. दुसऱ्या रकान्यात आठ जणांपुढे 'नाही'. मग सगळ्यांना एकच निरोप गेला, काकूंच्याच शब्दांत : 'मला फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणं होत नव्हतं. आता यंत्र लावते. बुधवारी किंवा शनिवारी ५ ते ६ मध्ये फोन कर. बराच वेळ वाजू दे. हळू बोल, ओरडू नकोस.' दोन आठवड्यांत सहा जणांचे फोन आले. एका मैत्रिणीला रडू आवरलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं, तुला माझा राग आलाय." दोन फोन महिनाभराने आले. एक कधीच आला नाही, आणि काकूंनी त्या नावापुढे फुली मारून पान उलटलं.

मुलीचा फोन रोज यायचा, पण तो चौकशीचा असे. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार नीट लावलंस का? तीन 'हो' आणि फोन बंद. मुलीला सुचवलं की रोज आईला एक तरी खरा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुला माहीत नाही आणि आईला माहीत आहे. पहिला प्रश्न होता घरकर्जाच्या व्याजाचा. काकूंनी कागदावर आकडे मांडून ४० मिनिटं समजावून सांगितलं. गोळीची चौकशी आता लेखी निरोपाने होते.

भूमिका

मेळाव्याचं निमंत्रण चौथ्यांदा दिलं नाही. त्याऐवजी जवळच्या लहान वाचनालयाची अडचण काकूंपुढे ठेवली : वर्गणीची वही आणि पावत्या चार महिने जुळत नव्हत्या. अडचण खरी होती, बनवलेली नव्हती. बनवलेलं काम ज्येष्ठांना लगेच ओळखू येतं आणि ते अपमानाचं वाटतं. आठवड्यातून दोन दिवस, साडेदहा ते बारा. भिंतीकडे पाठ करून बसायची जागा ठरवली, म्हणजे मागून आवाज येत नाहीत आणि समोरचे चेहरे दिसतात. स्वच्छतागृह आधी दाखवून आणलं. पहिल्या चार वेळा सोबत कोणीतरी गेलं, पाचव्या वेळेपासून नाही. तिसऱ्या आठवड्यात काकूंनी दोनदा लिहिल्या गेलेल्या ११ पावत्या शोधून काढल्या.

तिसरा निर्णायक क्षण : पाच आठवड्यांचा खंड

एकविसाव्या आठवड्यात ताप आला, त्यामागून गुडघा सुजला. पाच आठवडे बाहेर पडणं बंद. वाचनालयाने चांगल्या मनाने लगेच दुसऱ्या कोणाला वही दिली. समन्वयकांनी मध्ये पडून ती व्यवस्था बदलून घेतली : बदलीचा माणूस फक्त पावत्या फाडेल, वही दर शुक्रवारी काकूंच्या घरी येईल. वही घेऊन येणारी वाचनालयातली बाई तासभर बसू लागली. खंडाच्या काळात जागा राखून ठेवली नाही तर माणूस परतत नाही. आजारपण सरतं, पण 'माझ्यावाचून चाललं' हे मनात घर करून बसतं.

परिणाम

सव्विसाव्या आठवड्यात पुन्हा मोजलं. एकाकीपणाचे गुण ८ वरून ५, लुबेनचे ७ वरून १४, नैराश्याचे ७ वरून ३. चालण्याची चाचणी १७ वरून १३ सेकंद, म्हणजे पडण्याचा धोका अजून आहे. श्रवणयंत्रं दिवसाला सरासरी सहा तास. सकाळी जाग आल्यावर काय वाटतं, असं पुन्हा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "वाईट नाही वाटत. बुधवार-शनिवार आहे का ते बघते."

संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ मात्र तसाच राहिला. ती पतीबरोबरची वेळ. त्या वेळेसाठी गटाने दोन गोष्टी सुचवल्या, काकूंनी दोन्ही नाकारल्या. "तेवढा वेळ राहू दे," म्हणाल्या. गटाने आग्रह केला नाही. हे दुःख आहे, आजार नाही. ते भरून काढायला गेलं की माणूस दुरावतो.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत गंभीर चूक मनाविषयी न विचारण्याची. 'झोपेत आटोपलं तर बरं' हे वाक्य दहा आठवडे कोणाच्या कानी पडलं नाही, कारण तसं काही विचारलंच नव्हतं. काकूंनी काही करून घेतलं नाही यात गटाचं श्रेय काही नाही. दुसऱ्या भेटीच्या आत नैराश्याची चाचणी आणि थेट प्रश्न व्हायलाच हवे होते, डॉक्टरांशी संपर्कही.

नोंदी लिहिण्याची पद्धत चुकीची होती. 'आनंदी दिसल्या' हे भेट देणाऱ्याचं मत. प्रत्येक नोंदीत त्या माणसाचं किमान एक वाक्य त्याच्याच शब्दांत असावं, असा नियम असता तर दुसऱ्याच आठवड्यात रिकामा रकाना बोलला असता. त्या विद्यार्थ्याला दोष देणं अन्यायाचं आहे. उजेडाकडे तोंड करून बस, वाक्य कळलं नाही तर तेच मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत सांग, एवढं शिकवायला दहा मिनिटं लागतात. ती गटाने दिली नव्हती. परीक्षेच्या आठवड्यात न कळवता माणूस बदलणं हीसुद्धा गटाचीच चूक. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय, त्याच्यासाठी ओळखीचा चेहरा अचानक नाहीसा होणं लहान गोष्ट नसते. पुढे तो मुलगा स्वतः येऊन काकूंचा निरोप घेऊन गेला, तोही समन्वयकांनी आठवण केल्यावर.

यंत्रांच्या बाबतीतली चूक त्याहून जुनी. ती घेतल्यावर घरी कोणी पाठपुरावा केला असता तर तीन वर्षं कपाटात गेली नसती. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत. त्यांत कमी ऐकू येणं आणि सामाजिक तुटलेपण दोन्ही आहेत. या घरात दोन्ही एकाच डबीत बंद होते.

एका मुद्द्यावर गटात अजून मतभेद आहेत. काहींच्या मते दीड तासाची तपासणीच पहिली भेट असायला हवी. काहींना ती पहिल्याच दिवशी चौकशीसारखी वाटते, ओळख होण्याआधी लघवीचा प्रश्न कसा विचारायचा? सध्या मधला मार्ग काढला आहे. पहिली भेट साधी, पण ती देणारी व्यक्ती शक्यतो ज्येष्ठाला मोकळेपणा वाटेल अशी, आणि तपासणी तिसऱ्या आठवड्याच्या आत. अर्जावरचा 'एकटेपणा'चा चौकोन काढून टाकला आहे. त्या जागी आता लिहिलेलं असतं : दारापाशी गेल्यावर आधी घंटी वाजवा आणि आत ती ऐकू आली का, ते विचारा.